खाऱ्या विहिरीवरची शेळी

फार फार वर्षांपूर्वी, माळाच्या कडेला एक गाव होतं. गावाबाहेर दोन विहिरी, एक गोड्या पाण्याची, एक खारी. परके वाटसरू नेहमी फसायचे.

गावात चित्रकला शिकवणारे एक गुरुजी होते. ते एकदा मुलांना म्हणाले, "यंदा माझी चित्रं गिरवू नका, विहिरींच्या कठड्यांवर चित्रं काढा. कुठलं पाणी प्यायचं, हे वाटसरूला न विचारता कळलं पाहिजे. काय काढायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

मुलं कामाला लागली. खारी विहीर गोदी नावाच्या मुलीच्या वाट्याला आली. ती येणाऱ्याजाणाऱ्याला चित्र दाखवून विचारायची, "काका, काय कळलं?"

एक गाडीवान हसला. "ही शेळी आहे की उंदीर गं?"

गोदीनं चित्र पुसलं, पुन्हा काढलं. आठव्या दिवशी कठड्यावर शेळी उमटली, जीभ बाहेर काढून तोंड वेंगाडलेली. तिला बघून वाटसरू हसत आणि दुसऱ्या विहिरीकडे वळत.

मग निरोप आला, राणीसाहेब गाव पाहायला येणार. गुरुजींनी शेळीकडे पाहिलं. रंग ओघळलेला, पाय तीनच. 'लोक म्हणतील, हेच शिकवलं का यांनी?' मुलं जेवायला गेली तेव्हा त्यांनी शेळीवर चुना फासला आणि डौलदार मोर काढला.

राणीसाहेबांनी मोराचं कौतुक केलं.

दोन दिवसांनी एक धनगर म्हातारी माळावरून परत आली. ओठ सुकलेले, कडेवर मेलेलं कोकरू. "एवढा देखणा मोर बघून तिथंच पाणी भरलं, बाबा. पुढं माळावर थेंब नाही. आणि हे खारं कसं प्यायचं?"

गोदी हळूच म्हणाली, "आजी, तिथं आधी शेळी होती."

गुरुजींची मान खाली गेली. "ती मी पुसली," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "मला तिची लाज वाटली. आता माझीच वाटते."

त्यांनी मोर खरवडून काढला आणि कुंचला गोदीपुढे धरला. "बाळ, पुन्हा काढशील?"

"मला नाही येत, गुरुजी. मोरासारखं सुंदर नाही जमायचं."

गुरुजींनी फार विनवलं, तेव्हा तिनं कुंचला घेतला. पण आता ती वाटसरूंना विचारीना. एकेक रेघ ओढून गुरुजींच्या तोंडाकडे बघायची, "असं चालेल?" आणि गुरुजींना तिच्या नजरेला नजर देता येईना.

मुलांनी मन लावून केलेलं काम मोठ्यांनी आपल्या मानापायी पुसू नये.