सिद्धोबाची भूक

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकं कधी ते विचारू नका, ज्याला विचारावं तो आपल्या आज्याकडे बोट दाखवतो आणि आजा तर कधीच गेला. तर तेव्हा कोळदऱ्यात कोंडाक्का नावाची एक गुरवीण होती. नवरा लवकर गेला, मूल ना बाळ, आणि सिद्धोबाचा नैवेद्य रांधायचं काम तिच्याकडे आलं. नैवेद्य साधाच. भरडलेल्या ज्वारीच्या कण्या आणि बांधावरची पालेभाजी. रांधताना चाखायचं नाही. देवापुढं ठेवायचं, ताटाभोवती पाणी फिरवायचं, आणि मग पायरीवर जो असेल त्याला वाढायचं. असं म्हणतात, की तिच्या हातच्या कण्यांत मीठ कधी कमी पडलं नाही की जास्त झालं नाही. न चाखता हे कसं जमायचं ते तिलाच ठाऊक. आमच्याकडे चाखता चाखता अर्धं पातेलं संपतं, तरी आमटी खारट ती खारटच.

देवळामागं देवाचं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, वरून चिरा बसवून शेणामातीनं लिंपलेलं. सुगीत प्रत्येक घर त्यात आपापली ज्वारी ओतायचं. रोजचा नैवेद्य त्यातून व्हायचा आणि पेरणीचं बियाणंही तिथूनच निघायचं. त्याची राखण रायाजी पाटलाकडं. माणूस तोंडानं फटकळ, पण दाण्याला दाणा जपणारा.

मग पाऊस रुसला. पुढच्या वर्षीही रुसलेलाच राहिला. विहिरी आटल्या, घराघरात मडकी पालथी झाली. पाटलानं दवंडी पिटवली, ज्याला नड असेल त्यानं पेवातून धान्य न्यावं. पण कोळदऱ्याची माणसं पडली मानी! एकही जण फिरकला नाही. जो तो म्हणे, आमचं भागतंय हो, शेजाऱ्याला द्या. आणि शेजारीही तेच म्हणत होता. चुली पेटलेल्या दिसाव्यात म्हणून बायका रिकाम्या चुलीत काटक्या जाळायच्या. काय म्हणावं या मानीपणाला?

एके दिवशी कोंडाक्का विळ्याला धार लावून घ्यायला सटवाजी लोहाराकडे गेली. भाता बंद. आत जाऊन बघते तर लोहार आणि त्याची बायको भिंतीला टेकून बसलेली, उठायचंही बळ नाही. ती धावत जाऊन कण्या घेऊन आली. लोहारानं मान फिरवली. म्हणाला, "अक्का, आजवर घणाचं खाल्लं. आता भिकंचं नको."

कोंडाक्का देवळात परत आली आणि उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडली. असं म्हणतात, की त्या दिवशी ती देवाला नको नको ते बोलली. मग डोळे पुसले, पदर खोचला आणि थेट चावडीवर जाऊन उभी राहिली.

"सिद्धोबाला भूक लागलीया," ती म्हणाली. "ताटभर नैवेद्यानं त्याचं पोट भरंना. आजपास्नं हंडा चढवायचा."

"तुला कुणी सांगितलं?" पाटलानं विचारलं.

"रोज मी वाढती, पाटील. लेकरू अर्धपोटी उठलं तर आईला सांगावं लागतं व्हय?"

देवाच्या भुकेपुढं पाटील काय बोलणार? चिरा निघाला, हंडा चढला. देवाला नैवेद्य दाखवून झाला आणि घंटा वाजली. आता बघा गंमत. भीक म्हटलं की जी माणसं दार लावून घेत होती, त्यांना प्रसादाला नाही म्हणता येईना. देवाच्या ताटातलं नाकारायचं म्हणजे पापच की! सटवाजी लोहार बायकोच्या खांद्याचा आधार घेत आला. पान कपाळाला लावलं आणि खाल्लं. त्याच्या डोळ्यांतून टिपं गळत होती आणि कुणी बघितलंच तर तो म्हणायचा, धूर गेला डोळ्यांत.

देवाची भूक रोज वाढत गेली. शेजारच्या वाडीची माणसं आली तसा हंडा आणखी मोठा झाला. आणि एका सकाळी रायाजी पाटील पेवात उतरला, तो तोंड काळवंडूनच वर आला. खाली फक्त बियाण्यापुरती ज्वारी राहिली होती.

पाटलाचा एक मेंढा होता. पोटच्या पोरासारखा वाढवलेला, स्वतःच्या भाकरीतला घास देऊन जगवलेला. तो त्याला दोरीनं धरून देवळापाशी आला.

"अक्का, ह्यो घे. देवाला ह्याचा निवद दाव, गाव खाईल. पर बियाण्याला हात लावू नगंस. उद्या पाऊस आला तर पेरायचं काय? माती?"

आता हे काही वाकडं बोलणं नव्हतं. आपलं जिवापाड जपलेलं जनावर तो देत होता. कोंडाक्काला ते कळत होतं. तिनं मेंढ्याच्या कपाळावरून हात फिरवला.

"पाटील, तुमचं मन मोठं. पर सिद्धोबाच्या ताटात आजवर रगत आलेलं न्हाई. कणीस खुडलं तरी दाण्यात फुडचं कणीस असतंय. भाजी खुडली तर धुमारा फुटतोय. ज्यातनं परत उगवतं, त्येच देवाला द्यायचं. ह्यो मुका जीव वरडला, तर देवाच्या घशाखाली घास उतरंल व्हय?"

"आणि पेव रिकामं झालं म्हंजी उतरंल?"

मग गावानं ठरवलं, कौल लावायचा. कौल म्हणजे देवालाच विचारायचं. ओल्या कळ्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या आणि कुठली आधी पडते ते बघायचं. त्या उन्हाळ्यात कळ्या कुठल्या? म्हणून ज्वारीचे भिजवलेले दाणे लावले. उजवा पडला तर मेंढा, डावा पडला तर बियाणं. आणि कौल होईपर्यंत देवाची चूल पेटवायची नाही, हा नेम.

दिवस गेला. दाणे हलेनात. दुसरा दिवसही गेला. सारा गाव पायऱ्यांवर उपाशी बसून. पोरं रडायचीही थांबली. कोंडाक्का गाभाऱ्यात ओल्या हातानं दगड पुसत होती आणि पुटपुटत होती, "देवा, तुझ्या नावानं मी खोटं बोलले का रं? बोलले असंन तर मला ने, पर ह्यांना उपाशी ठेवू नगंस."

असं म्हणतात, की तिसऱ्या दिवशी उजाडताना तिनं हाक मारली आणि पाटील आत गेला. दाणे पडले नव्हते. दोन्ही दाण्यांना कोंब आले होते! माती नाही, नुसत्या काळ्या दगडावर हिरवे कोंब. रायाजी पाटलानं पागोटं काढून देवापुढं ठेवलं आणि पोरासारखा हुंदके देऊन रडला.

"अक्का," तो म्हणाला, "ज्यातनं परत उगवतं, त्येच देवानं निवडलं. चूल पेटीव."

बियाण्याच्या कण्या शिजल्या. गाव जेवलं. रोज पाटील स्वतः पेवात उतरायचा आणि टोपली भरून वर द्यायचा. मृग लागला, आभाळ फुटलं, तेव्हाही खाली ज्वारी होतीच. घरटी ओंजळभर निघाली आणि तेवढ्यावर शिवार हिरवं झालं. कुणी म्हणतं, तो सिद्धोबाचा चमत्कार. कुणी म्हणतं, रायाजीनं बायकोचे दागिने मोडून लांबच्या बाजारातून धान्य आणलं आणि गुपचूप पेवात ओतलं. आम्ही दोन्ही खरं मानतो. मेंढा मात्र म्हातारा होऊन मेला, आणि शेवटपर्यंत देवळातच मुक्कामाला होता.

कोंडाक्का गेली त्याला आता किती पिढ्या झाल्या. सुगी झाली की कोळदऱ्यात अजूनही तिच्या नावाचा हंडा चढतो. त्या दिवशी कुणाच्याही घरी चूल पेटत नाही. पहिलं पान पाटलाच्या घरचा माणूस खाली बसून दोन्ही हात पुढं करून घेतो, म्हणजे मग बाकीच्यांना हात पुढं करायला लाज वाटत नाही. आणि कौल तर त्या गावात आजही लावतात. लग्नाचा लावतात, विहिरीचा लावतात, भांडणाचाही लावतात. पण दारात आलेल्याला जेवायला घालू का, असा कौल सिद्धोबाला पुन्हा कुणी लावलेला नाही.