एका खोडाचं जहाज

"मग अण्णा, देताय ना दोन ओळी?"

अर्धवट बांधलेल्या गलबताशेजारी बसून विश्राम मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं. सहा सर्गांचं बाड हातात, पहिलं पान कोरं. ते अण्णांच्या आशीर्वादासाठी. अण्णांच्या ओळींशिवाय काव्य छापणार नाही, असं मास्तर अख्ख्या आळीला सांगून बसले होते. आणि उद्या तर छापखाना गाठायचा होता.

अण्णा मेस्त्री गलबतं बांधायचे. पण ओवी कशी बांधायची, तेही मास्तर लहानपणी त्यांच्याच पायाशी बसून शिकलेले.

"जहाज कशाचं म्हणालास?"

"देशाचं, अण्णा. देश हेच जहाज. सगळं काव्य त्यावरच तर उभं आहे."

"लाकूड विचारतोय मी."

"साग! एकाच झाडाचा. ना सांधा, ना जोड. सात समुद्र पार करतं."



अण्णा हातातली तासणी खाली ठेवून म्हणाले, "चल."

उठताना मास्तर बाभळीच्या एका वाकड्या फांदीला अडखळले. "अहो, चुलीत तरी घाला ही!"

किनाऱ्याला एक होडकं होतं, आंब्याचं एकच खोड कोरून केलेलं. अण्णांनी मास्तरांना त्यात बसवलं नि वल्हं मारलं. खाडीत होडकं असं अलगद चाललं, की मास्तर खुशीत येऊन चौथा सर्ग म्हणायला लागले.

खाडीचं तोंड आलं. पहिलीच लाट आडवी लागली, होडकं एका अंगाला कललं आणि पाणी आत उसळलं.

बाड डोक्यावर धरून मास्तर ओरडले, "वळवा, अण्णा! बुडवताय की काय? खाडीतलं होडकं हे, समुद्रात टिकतंय होय?"

"का रे? ना सांधा, ना जोड."

अण्णांनी होडकं वळवलं आणि परत किनाऱ्याला आणलं.

अण्णांनी ती बाभळीची फांदी उचलली. त्या अर्धवट गलबतात शिरले आणि तिला आतून फळ्यांना लावून पाहिलं. गलबताच्या पोटाला जसा बाक, तसाच फांदीला. शेजारी तसल्याच दहा-बारा वाकड्या फांद्या ओळीनं ठोकलेल्या, बरगड्यांसारख्या. सगळ्या फळ्या त्यांच्याच आधारावर.

मास्तरांनी ओलं बाड पुढे केलं.

"अण्णा... ते पहिलं पान?"

अण्णांनी फांदी आणून त्या बाडावर ठेवली.

"आधी हिला तुझ्या जहाजात बसव."