जप्तीत गेलेला घास

डोंगरउतारावरच्या एका दाट रानात धनेश पक्ष्यांचं एक जोडपं राहत असे. मुलांनो, धनेशांची रीत मोठी वेगळी. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट उरते. पिल्लू मोठं होईपर्यंत नराने फळं आणून त्या फटीतून भरवायची. त्याने आणलं तर मायलेकरं जेवणार, नाही तर उपाशी.

एका संध्याकाळी धनेश दूरच्या वडावरून गळा भरून लाल फळं घेऊन निघाला. वाटेत करवंदीच्या जाळीत कोल्ह्याने माकड, ससा अशा काहींना जमवून जुगार मांडला होता. वाघमहाराजांनी जुगाराला बंदी केलेली, म्हणून लबाड त्याला 'चार मित्रांची बैठक' म्हणे. फळं पैजेला लावायची, शिंपला उडवायचा आणि तो उताणा पडतो की पालथा, ते ओळखायचं. एकच डाव खेळ आणि दुप्पट घेऊन घरी जा, असं कोल्ह्याने सांगितलं. झालं, धनेशाला मोह पडला! घरी सकाळपासून दोन जीव वाट पाहताहेत, हेही तो विसरला. त्याने गळ्यातली सगळी फळं पैजेच्या राशीत ओतली आणि पहिल्याच डावात जिंकलासुद्धा. अख्खी रास त्याच्यापुढे आली.

एवढ्यात पहाऱ्यावरच्या रानकुत्र्यांनी जाळीला वेढा घातला. सगळे हबकले. माकडाच्या हातातून शिंपला गळून पडला. आणि ज्याने सगळ्यांना बोलावून बसवलं, तो कोल्हा? तो मागच्या बिळातून केव्हाच पसार झाला होता. रानकुत्र्यांनी सगळी रास जप्त केली. धनेश काकुळतीला आला. ही फळं बायको-पिल्लासाठी आणली होती, तेवढी तरी सोडा, असं तो विनवू लागला.

"पैजेला न लावलेलं एक तरी फळ यात दाखव," त्यांचा नाईक म्हणाला, "तेवढं सोडतो."

धनेशाने राशीकडे पाहिलं. त्याने एकही फळ मागे ठेवलं नव्हतं.

सूर्य बुडाला होता. वड दूर राहिला आणि धनेश काही अंधारात उडत नाहीत. उरल्यासुरल्या उजेडात तो रिकाम्या गळ्याने घरी आला. त्याच्या पंखांचा आवाज ऐकताच फटीतून चोच बाहेर आली. आत पिल्लू भुकेने रडत होतं. चोचीत काहीच पडेना, तेव्हा मादीने घाबरून विचारलं, "आज वडाला फळं नव्हती का हो?"

"होती," धनेश म्हणाला.

तात्पर्य : घरच्यांच्या तोंडचा घास जुगारात लावला, की डाव हरला काय आणि जिंकला काय, घरचे उपाशीच राहतात.