हौसाच्या पानमळ्याचा लिलाव

"ऐका हो ऐका! कैलासवासी सटवाजी तांबोळ्याच्या पानमळ्याचा उद्या लिलाव हो!"

ढोलकं बडवत कारकून पुढे गेला आणि हौसाच्या हातातलं पान हातातच राहिलं. सटवाजी तिचा बाप. त्याला जाऊन महिना झाला नव्हता, तोच मळा गहाण धरलेला अंतोबा सावकार दरबारात पोचलाही होता! बापाच्या पाठीमागे हौसाला हाच एक मळा. वेली तिनेच लावलेल्या, तिनेच शेवरीच्या झाडांवर चढवलेल्या.

देवळाच्या भिंतीवर जाहीरनामा चिकटला होता. हौसाने तो दोनदा वाचला. 'मळ्याच्या चतुःसीमेच्या आत लिलावासमयी जे जे असेल, सजीव वा निर्जीव, ते सर्व घेणाऱ्याचे. बोली तुटल्यावर आतले काहीही घेणाऱ्याच्या हुकमावाचून बाहेर जाणार नाही.'

"सजीवसुद्धा?" तिने कारकुनाला विचारलं.

"अंतोबांनी मुद्दाम घालायला लावलंय," कारकून हळूच म्हणाला. "तुझ्या दोन शेळ्यांवर डोळा आहे त्यांचा."

हौसाने पदर खोचला आणि तडक शेंदूरगडाचा दरबार गाठला.

शेंदूरगडचे महाराज दिलाचे वाईट नव्हते, पण हट्टी असे की एकदा उलटा घातलेला अंगरखा त्यांनी दिवसभर तसाच मिरवला होता!

"महाराज, एक हंगाम थांबा," हौसा म्हणाली. "पानं विकून बापाचं देणं फेडते."

"जाहीरनामा निघाला, पोरी! आमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यातला एक काना हलणार नाही, एक मात्रा हलणार नाही!"

"नका हलवू. पण न हलवता माझा मळा वाचला तर?"

महाराजांना गंमत वाटली. "असं? मग त्या अंतोबाच्या तोंडून आमच्यासमोर एवढं वदवून दाखव, 'मला मळा नको.' वदवलंस तर तुझ्या बापाचं देणं आमच्या खजिन्यातून!"

सारा दरबार खो खो हसला. अंतोबा सावकार, जो दातात अडकलेली सुपारीही उद्यासाठी ठेवायचा, तो आख्खा मळा सोडणार? वाळूतून तेल निघेल एक वेळ!

हौसा मात्र हसली नाही. "वदवते, महाराज. पण ते ऐकायला आपण स्वतः मळ्यात यायला हवं."

"येऊ की!"

दुसऱ्या दिवशी महाराज घोड्यावरून आले. हौसाने त्यांना पार आत, वेलींच्या गार सावलीत पाट मांडून दिला आणि कोवळ्या पानांचा विडा केला. विडा तिने महाराजांच्या हातात ठेवला. डाव फसला तर डोक्यावरचं छप्परही जाणार होतं.

कारकुनाने जाहीरनामा वाचला, अगदी शब्द न् शब्द. गावकरी कुंपणापलीकडे उभे होते. अंतोबाच्या धाकाने कुणी तोंड उघडेना. मग अंतोबानेच मळ्याच्या दारात उभं राहून अशी बोली लावली, की तेवढ्यात धड एक बैलही आला नसता!

"एक वार... दोन वार... तीन वार! मळा अंतोबांचा!"

"सावकार," हौसाने नम्रपणे विचारलं, "आतलं सगळं तुमचं?"

"सगळं! कोंबडीचं पीससुद्धा! एक काडी बाहेर जाऊ द्यायचा नाही मी!"

"पुन्हा सांगा, महाराजांना ऐकू जाऊ दे."

"एक काडी बाहेर जाणार नाही!" अंतोबा ओरडला.

महाराज हळहळत उठले. "हरलीस, पोरी. चल, निघतो आम्ही."

ते दारापाशी आले, तोच हौसाने धावत जाऊन दारात बांबू आडवा घातला!

"माफी असावी, महाराज. आपल्याला बाहेर जाता येणार नाही."

"काय?"

"आपण चतुःसीमेच्या आत आहात आणि सजीव आहात. लिलावात आपणही गेलात! आता सावकारांच्या हुकमावाचून पाऊल बाहेर टाकलंत, तर आपलाच जाहीरनामा मोडेल."

महाराजांच्या भुवया वर चढल्या. ते सावकाश अंतोबाकडे वळले.

"काय हो अंतोबा, आम्ही तुमच्या मालकीचे?"

अंतोबाचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं. "छे छे! महाराजांना वगळून, सरकार! महाराजांना वगळून!"

"वगळणार कसं?" हौसा म्हणाली. "एक काना हलवायचा नाही."

"मग... मग हुकूम! माझा हुकूम आहे, महाराजांनी बाहेर जावं!"

"हुकूम?" महाराज गरजले. "तू आम्हाला हुकूम सोडतोस?"

अंतोबाला दरदरून घाम फुटला. ठेवून घ्यावं तर राजा कैदेत, जा म्हणावं तर राजाला हुकूम! त्याने महाराजांच्या पायावर लोटांगण घातलं. "सरकार, सोडला लिलाव! मला मळा नको! शेळ्या नकोत, कोंबड्या नकोत, काही नको!"

हौसाने बांबू काढला आणि हात जोडले. "ऐकलंत ना, महाराज?"

महाराज हसायला लागले ते थांबेचनात. हसता हसता विड्याचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. कुंपणापलीकडचे गावकरी आधी दबकून आणि मग मोकळेपणी हसले.

"आणि काय ग," महाराजांनी डोळे पुसत विचारलं, "याने धीर करून आम्हाला ठेवूनच घेतलं असतं तर?"

"घाबरायचं कारण नव्हतं, महाराज. आपल्याला दोन वेळा पोटभर जेवायला घालायचं म्हटल्यावर, संध्याकाळच्या आत त्यांनीच आपल्याला वाड्यावर पोचवलं असतं!"

महाराज पुन्हा पोट धरून हसले. तिथेच त्यांनी देणं चुकतं करण्याचा हुकूम दिला, हातातलं सोन्याचं कडं हौसाला दिलं आणि कारकुनाला बजावलं, "यापुढे राज्यात एकही जाहीरनामा हौसाला दाखवल्याशिवाय भिंतीला चिकटणार नाही!"