मातीत मुरलेली निळाई

एका राज्यात रंग म्हणून टिकत नसे. सकाळी भिंत निळी रंगवावी, तर तिन्हीसांजेला ती पांढरीफटक. आता उन्हाने रंग उडाला, यात रंगाऱ्याचा काय दोष? पण राजा चंडसेनाला हे सांगणार कोण! दिवंगत राणीच्या तसबिरीतला निळा शालू विटला, आणि त्याने रंगारी सोमदत्ताला अंधारकोठडीत टाकले. येत्या पुनवेला शिरच्छेद. वा रे न्याय! चोर सोडून संन्याशाला फाशी.

सोमदत्ताची बायको रेवंती संतापाने पेटली आणि नदीकडे निघाली. तिथे दरडीतल्या बिळात एक खंड्या राहत असे. उन्हापावसातही त्याची निळाई तशीच. रेवंतीने कारण विचारले.

"माझे घर मातीत आहे," पक्षी म्हणाला.

मग त्याने सगळी हकिगत सांगितली. चिखलाचे पाय घेऊन आला म्हणून राजाच्या आजोबाने एका मांत्रिकाला दरबारातून हाकलले होते. या गादीला मातीची लाज वाटेल तोवर इथे रंग टिकणार नाही, हा त्याचा शाप. आणि रंगारी तरी काय करीत? नीळ गाळून गाळून तिच्यातला मातीचा कण न् कण फेकून देत. राजाला मळ खपत नसे ना!

खंड्याने तीन कामे सांगितली. दरडीतली पापुद्र्यांची पांढरी माती आणायची. तिच्यात नीळ घालून घोटायची. मग मंद आचेवर तापवायची, म्हणजे पापुद्र्यांतले पाणी उडते आणि त्या जागी नीळ शिरून बसते. फक्त घोटणारा हात राजाचा हवा.

रेवंती मातीची पाटी डोक्यावर घेऊन थेट दरबारात शिरली. प्रधानाने नाक मुरडले. तिने पाटी सिंहासनापुढे आदळली.

"महाराज, हात घाला."

"आम्ही? चिखलात?"

"राणीसाहेबांचा शालू परत हवा असेल, तर."

 राजा हातातली कडी वर सारून जमिनीवर बसला. घोटता घोटता त्याचे डोळे भरून आले. माती तापली, रंग झाला, शालू रंगवला. तसबीर उन्हात ठेवली, पाण्यात बुडवली, वर चिंचेचा कोळ ओतला. निळाई तसूभर हलली नाही. शाप सुटला.

सोमदत्ताला बाहेर आणले. राजा म्हणाला, "आम्ही तुला क्षमा केली."

रेवंती उसळली. "क्षमा कसली, महाराज? गुन्हा कोणाचा होता?"

 राजाने आपल्या माखलेल्या हातांकडे पाहिले, आणि तेच हात सोमदत्तापुढे जोडले.

तेव्हापासून त्या राज्यात राजाला अभिषेकाआधी माती घोटावी लागते. आणि मुकुट चढेपर्यंत त्याने हात धुवायचे नाहीत.