सोऱ्याच्या दोन चकत्या

फार जुनी गोष्ट. तेव्हा वाघही फराळ करत. ज्याला पटत नसेल त्याने एखाद्या वाघाला विचारून यावं.

जंगलातल्या फराळघरात एक पितळी सोऱ्या होता. पीठ एकच, पण पाहुणा पाहून तो चकती बदलायचा. दातवाल्याला चकली, बोळक्या तोंडाच्याला बारीक शेव.

एकदा एक म्हातारा वाघ आला. पोटात कावळे ओरडत होते आणि तोंडात एकच दात होता, तोही हलता. सोऱ्याने रिवाजाप्रमाणे विचारलं, "आबा, दात किती?"

मागे रांगेत कोल्हे उभे होते. वाघ गुरगुरला, "सगळे! मोजतोस का?"

शेवेची चकती कुजबुजली, "अरे, गाल बघ की त्याचे! मला लाव."

"पाहुणा सांगेल ते खरं," म्हणत सोऱ्याने चकलीची चकती बसवली.

वाघाने ऐटीत चकली चावली. कट्! दात चकलीतच राहिला. तोंडावर पंजा धरून वाघ ओरडला, "पिठात खडा आहे!"

"खडाच तो, आबासाहेब," कोल्हे म्हणाले. वाघ उपाशीच परतला.

तेव्हापासून तिथे पीठ वस्त्रगाळ करतात. शेवेची चकती मात्र खुंटीवरच लटकलेली असते. बोळक्या तोंडाचं त्या जंगलात कोणी नाहीच म्हणे.