सहाशे फेऱ्यांचा सेल

"आणि हा शिकंजा काढला तर?"

प्रश्न मुजावरबाईंचा होता. श्रीरंग इंगवले थबकला.

तो त्यांचा विद्यार्थी. सही घ्यायला आला होता. आत द्राव नसलेल्या घन बॅटरीसाठी सिलिकॉनचा नवा इलेक्ट्रोड बनवण्यात त्याची तीन वर्षं गेली होती. इतरांचे सेल ऐंशी-नव्वद फेऱ्यांत मान टाकत. त्याचा सहाशे वेळा चार्ज झाला, सहाशे वेळा उतरला, तरी चालूच होता. उद्या तो गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीपुढे उभा राहणार होता. शोधनिबंधावर बाईंची सही तेवढी राहिली होती.

"काढायचा कशाला, बाई? सेल चाललाय की."

"गाडीत शिकंजा बसवणार आहेस?"

"...ते नंतर बघू."

बाईंनी पानं चाळली.

"दाब किती दिलास, ते कुठं लिहिलंयस?"

"पुरवणीत. शेवटच्या पानावर."

बाई उठल्या. बटणाएवढा तो सेल टेबलावर दोन पोलादी पट्ट्यांमध्ये आवळलेला होता. चार कोपऱ्यांना चार बोल्ट, हाच तो शिकंजा. बाईंनी खणातून पाना काढला आणि श्रीरंगच्या हातात दिला.

"ढिला कर."

"बाई, एवढा टिकलेला हा एकच आहे."

"म्हणूनच."

तो पान्याकडे बघत राहिला.

"या क्षेत्रात सगळेच सेल आवळतात, बाई."

"हो."

...

त्याने पहिला बोल्ट सैल केला. मग दुसरा. सेलला जोडलेल्या पडद्यावरची व्होल्टेजची रेघ जागची हलली नाही. त्याने मान वर करून बाईंकडे पाहिलं. त्या रेघेकडे बघत होत्या.

तिसरा.

चौथ्या बोल्टाला रेघ घसरली. आधी हळू, मग सरळ खाली. पाच मिनिटांत सेल बंद पडला.

श्रीरंगचे कान लाल झाले.

"तुम्हाला माहीत होतं!"

"नाही. तुला माहीत होतं."

मग त्याने निबंधाची पानं स्वतःकडे ओढली.

"उद्या काय सांगू त्यांना?"

"पाहिलंस ते."

दुसऱ्या दिवशी कंपनीत त्याने आधी शिकंज्याचंच सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि पुन्हा कधी भेटू ते सांगितलं नाही.

तो तडक प्रयोगशाळेत परतला. मेलेला सेल कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. इलेक्ट्रोड आणि त्याला चिकटलेला घन थर, या दोहोंच्या मध्ये एक काळी फट होती. त्याने बाईंना बोलावलं.

"चार्ज होताना हा सिलिकॉनचा इलेक्ट्रोड फुगून थराला रेटतो, बाई. उतरताना आटतो. साध्या बॅटरीत द्राव असतो, तो फटीत शिरतो. इथं सगळंच घट्ट, फट बुजवणार कोण? मी नुसता बाहेरून दाबत राहिलो."

बाईंनी भिंगातून पाहिलं.

"या तीन वर्षांत कार्बन वाढवून पाहिला. रबर घालून पाहिलं. चांदीसुद्धा."

...

"बाई, आता तुम्हीच सांगा. या इलेक्ट्रोडमध्ये घालू तरी काय?"

बाईंनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला.

"जागा."